शुगर नॉर्मल, पण पोट हटेना. गावाकडच्या वजनामागचं इन्सुलिनचं गणित

लातूर : पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर आता दूधवाल्यांच्या आधी चालणारी माणसं दिसतात. साडीवर बूट घातलेल्या बाया, गळ्यात गमजा टाकलेले पन्नाशीतले शेतकरी, कानात वायर घातलेली पोरं. दोन-तीन महिने चालणं जोरात होतं. दोन किलो उतरतात, मग काटा जागचा हलत नाही. पुढं पेरणी येते, चालणं सुटतं आणि गेलेले दोन किलो तीन होऊन परत येतात. घरात बोलणं सुरू होतं, "खाण्यावर ताबा नाही, दुसरं काय!" मग कुणी पावडरचा डबा आणून देतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाठवतं. त्या व्हिडिओत एक शब्द हमखास असतो, 'इन्सुलिन रेझिस्टन्स'.

हा शब्द खरा आहे आणि त्यामागचा त्रासही खरा आहे. पण त्याच्या नावावर जे विकलं जातंय ते सगळं खरं नाही. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं. देशी कंपन्यांना ते स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. म्हणजे शहरातल्या मोठ्या दवाखान्यांपुरती असलेली ही इंजेक्शनं तालुक्याच्या मेडिकलपर्यंत यायला फार वेळ लागणार नाही. ती दारात यायच्या आधी गावानं हा विषय समजून घेतलेला बरा.

शब्द गावात आला कसा

मराठवाड्याला 'फास्टिंग इन्सुलिन' हा शब्द नवा नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर दोन वेळ जेवणाची पद्धत लोकांपुढं मांडली. दिवसातून दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही गोड तोंडात टाकायचं नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासा, असंही त्यात सांगितलं जातं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून हे गावोगाव पोचलं.

फरक पडला म्हणणारे पुष्कळ आहेत, मधेच सोडून दिलेलेही पुष्कळ आहेत. काहींनी अर्धंच धरलं, जेवणं दोन केली पण ताट डोंगराएवढं ठेवलं. तरी त्यातून एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. वजन म्हणजे नुसती तोंडावर ताबा नसल्याची शिक्षा नाही, आत शरीरातही काही घडत असतं.

दारं धरणारा गडी

आत काय घडतं ते शेतकऱ्याला लवकर कळेल. जेवलेल्या भाकरी-भाताची साखर होते आणि ती रक्तात उतरते, पाटातून पाणी यावं तशी. हे पाणी वाफ्या-वाफ्यात जायला दारं धरणारा गडी लागतो. इन्सुलिन म्हणजे तो गडी. तो पेशींची दारं उघडतो, साखर आत जाते. शरीरातला सगळ्यात मोठा वाफा म्हणजे स्नायू. जेवणानंतरच्या साखरेतला मोठा वाटा तिथंच मुरतो.

आता दारात गाळ साचला समजा. पोटात आणि यकृतात (लिव्हरमध्ये) चरबी साठली, स्नायू वापरात राहिले नाहीत की असंच होतं. एका गड्याच्यानं दार उघडत नाही. मग स्वादुपिंड दोन गडी पाठवतं, पुढं चार पाठवतं. पाणी वाफ्यात जातंच, फक्त गडी जास्त लागतात. बांधावर उभं राहून बघणाऱ्याला शेत नीट भिजलेलं दिसतं. म्हणजेच शुगरचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. कैक वर्षं हे असं चालू राहू शकतं. गडी दमले आणि पाणी पाटाबाहेर फुटलं की रिपोर्टमध्ये शुगर दिसायला लागते.

इन्सुलिनचं दुसरं काम साठवणुकीचं. ते रक्तात जास्त असतं तोवर साठलेली चरबी बाहेर निघायला अडचण होते. म्हणून दिवसभर थोडं थोडं गोड-पिठूळ खात राहणाऱ्या माणसाचं पोट लवकर हटत नाही. पण याचा अर्थ इन्सुलिन रेझिस्टन्स असला की वजन उतरतच नाही, असा नाही. उतरतं, फक्त सावकाश. आणि वजनामुळं रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्समुळं पोट वाढतं, असं हे दोन्हीकडून चालतं. कुठूनही एका बाजूनं सोडवायला घेतलं तरी गाठ सैल होते.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवलं

ही गोष्ट भारतात, त्यातही महाराष्ट्रात, जास्त का दिसते याचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास सुरू केला. तिथली लेकरं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण तपशिलात पाहिलं तर फरक भलताच निघाला. आपल्या लेकरांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक फोटो छापला. त्यात ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही उंची-वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच मोजत होता.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. गोऱ्या लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. हातपाय काडीसारखे आणि पोट मडक्यासारखं, अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही. पण धोका त्यांनाच जास्त.

शहराचा आजार ही समजूत जुनी झाली

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मदतीनं झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मधुमेहाचं प्रमाण शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. इथवर समजूत बरोबर वाटते. पण उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण बघा. शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के. म्हणजे खेडं आणि शहर उंबरठ्यावर बरोबरीनं उभं आहे. शहर आत शिरलंय, खेडं शिरायच्या बेतात आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पहिल्यांदा कंबर मोजली गेली. देशात १५ ते ४९ वयाच्या ४० टक्के बायांची कंबर ठरलेल्या मापापेक्षा जास्त निघाली. पुरुषांत हेच प्रमाण १२ टक्के. दिवसभर राबणाऱ्या बाईचंच पोट का वाढतं, हा प्रश्न इथं उभा राहतो.

कामं बदलली, ताट तेच राहिलं

एकेकाळी खुरपणीला महिना महिना वाकावं लागायचं. आता तणनाशक आहे. पेरणी ट्रॅक्टरनं, सोयाबीनची काढणी हार्वेस्टरनं, शेतात जाणं मोटारसायकलवर. पेरणी आणि सुगीचे काही आठवडे अंग मोडून काम, बाकीचा काळ देखरेख. बाईचं काम संपलेलं नाही, पण ते उभ्याउभ्याचं, ओट्यापासचं झालं. थकवा येतो, दम लागत नाही. स्नायूला ताण मिळत नाही.

ताट मात्र औताच्या दिवसांतलंच आहे, वर त्यात भर पडली. सकाळी पोहे किंवा चहा-बिस्किट, दुपारी तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा तेच. वरण पातळ, कारण डाळ महाग. पाहुणा आला की चहा. एका चहात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच चहा झाले की महिन्याला दीड किलो साखर एकटा माणूस नुसत्या चहातून पितो. बायांचे उपास वेगळे. साबुदाणा, भगर, बटाटा हे सगळं पिठूळच. उपास धरला म्हणून पोट रिकामं राहत नाही, उलट त्या दिवशी प्रथिनं जवळपास शून्य होतात.

याच पाहणीतून २०२५ मध्ये आहारावरचा अभ्यास छापून आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकातले (कॅलरीतले) ६२ टक्के पिठूळ-गोड पदार्थांतून येतात, प्रथिनांतून फक्त १२ टक्के. त्यातली एक गोष्ट गावानं नीट वाचावी अशी आहे. भात सोडून गहू किंवा भरड धान्य खाल्लं एवढ्यानं धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण पिठूळ खाणं कमी करून त्या जागी डाळ, कडधान्य, दूध-दही यातली प्रथिनं आली, तिथं धोका कमी दिसला. म्हणजे पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीन भाकरीच्या तीन राहिल्या तर गणित फारसं बदलत नाही.

आता यातली गंमत अशी की लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तुरीवर चालते. देशाला प्रथिनं पुरवणारा हा पट्टा. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव ८ हजार रुपये क्विंटल. हमीभाव मिळो न मिळो, देणं फेडायला तूर बाजारात जाते. रेशनवर मिळतो तो माणशी महिन्याला पाच किलो गहू-तांदूळ, तोही फुकट. पोट भरायला हे धान्य मोलाचं आहे, त्यावर कित्येक घरं उभी आहेत. पण नियमित डाळ त्यात नाही. धोरणानं ताटातला पिठूळ भाग स्वस्त केला आणि डाळ बाजारावर सोडली. मग घरातली बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात भात असतो, डाळ संपलेली असते. तिच्या पोटाचं गणित इथून सुरू होतं.

झोपेचाही यात वाटा आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते. रब्बीत रात्रभर पाणी देऊन सकाळी पुन्हा कामाला लागणारा माणूस चार तास झोपतो. झोप कमी झाली की इन्सुलिनचा असर कमी होतो, भूक वाढते. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी साप-विंचवाच्या भीतीनं होत आली. ती आरोग्याचीही मागणी आहे.

तपासणी अडते ती इथं

सरकारची तपासणी गावापर्यंत आलेली आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का आणि कंबरेचं माप असतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढं गेली की एक गुण, ९० च्या पुढं दोन. पुरुषाचं ९० आणि १००. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची.

इथवर कागदावर सगळं बरोबर. पुढं उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बोटाला सुई टोचून शुगर बघतात. समजा चाळीस वर्षांची बाई आहे, उंची पाच फूट, वजन ६६ किलो, कंबर ९४ आणि शुगर ११८. तिला "नॉर्मल आहे ताई, घरी जा" असं सांगितलं जातं. दारात गाळ साचलाय हे टेपनं सांगितलेलं असतं, पण निर्णय मशीनच्या आकड्यावर होतो. फॉर्मवरचं कंबरेचं माप फॉर्मवरच राहतं. त्या बाईला पुढं चार-पाच वर्षांनी एकदम शुगर निघते आणि घर म्हणतं, अचानक झालं. अचानक काही झालेलं नसतं.

आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण कंबर जास्त आणि शुगर नॉर्मल अशा लोकांची वेगळी यादी निघाली आणि दर सहा महिन्यांनी त्यांना बोलावलं, तर त्याला नवं मशीन लागत नाही. ग्रामसभेत, जन आरोग्य समितीत हा प्रश्न विचारता येतो.

विकणारे आणि विकत घेणारे

आता बाजाराकडं येऊ. पहिली इंजेक्शनं. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं. औषध खोटं नाही. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत दीड वर्षाच्या आत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. पण इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. चरबीबरोबर स्नायूही जातो. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च १४ हजार रुपये होता, म्हणजे ५,३२८ च्या हमीभावानं अडीच क्विंटलपेक्षा जास्त सोयाबीन. किंमत खाली आली तरी ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध आहे. वजन फार जास्त आहे, शुगर आहे, अशांना त्याचा खरा उपयोग. लग्नाआधी पाच किलो उतरवायला ते नाही.

दुसरी पावडर आणि काढे. डब्यावर काय आहे ते वाचता येत नाही, विकणारा नात्यातला असतो म्हणून नाही म्हणता येत नाही. वजन उतरतं ते बहुतेक जेवण सोडून पावडर प्यायल्यानं. डबा संपला की पुन्हा तेच.

तिसऱ्या टेस्ट. उपाशीपोटीच्या इन्सुलिनचा आकडा लॅबनुसार बदलतो आणि त्याची सगळ्यांनी मान्य केलेली एकच रेषा नाही. तो जास्त आला तरी डॉक्टर सांगणार तेच, जे कंबर बघून सांगितलं असतं. एचबीए१सी उपयोगी आहे, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. पण रक्त कमी असलेल्या बाईत हा आकडा फसवू शकतो आणि राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे. तेव्हा हिमोग्लोबिन आधी बघावं.

एक जुनी गोष्टही तपासावी. गुडघे-कंबर दुखतात म्हणून कुठल्या तरी गोळ्या महिनोन् महिने सुरू असतात, खाल्ल्या की लगेच आराम पडतो. त्यात स्टिरॉइड असेल तर पोट आणि शुगर दोन्ही वाढतात. अशा गोळ्या अचानक बंद करणंही धोक्याचं, म्हणून पाकीट डॉक्टरला दाखवावं. वजनाबरोबर थकवा, थंडी सोसत नसेल तर थायरॉइड बघावं. तरुण पोरीची पाळी पुढं-मागं होत असेल, हनुवटीवर केस येत असतील तर लग्न होईपर्यंत थांबू नये. तोही याच इन्सुलिनशी जोडलेला त्रास असू शकतो.

घरात काय करता येतं

माप : शिंप्याचा टेप घ्यावा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावं. साडी किंवा पँट बांधतात तिथं नाही. बाईला ८०, पुरुषाला ९० सेंटिमीटर ही रेषा. टेपवर विश्वास नसेल तर उंचीइतकी दोरी घेऊन तिची दुहेरी घडी कंबरेभोवती लावावी. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे.

मान : मानेवर, काखेत काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसत असेल तर तो मळ नसतो. घासून जात नाही. इन्सुलिन वाढल्याची ती खूण असू शकते.

ताट : आधी डाळ, उसळ, अंडं किंवा दही आणि भाजी, मग भाकरी. एक भाकरी कमी, एक वाटी घट्ट वरण जास्त. चहातली साखर निम्मी. विकायच्या तुरीतून घरच्या वर्षाची डाळ आधी काढून ठेवावी. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनं विचारूनच वाढवावीत.

अंग : जेवल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं चालावं. नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, वजन उचलणं, ज्यानं मांड्या भरून येतील असं काही तरी हवं. वाफा मोठा केला तर पाणी जिरतं.

जपून : शुगरची गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइड, किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू असलेल्यांनी मनानं जेवणाच्या वेळा कमी करू नयेत. शुगर एकदम खाली जाऊन माणूस शेतात पडू शकतो. आधी डॉक्टरला विचारून डोस बदलून घ्यावा.

काटा हलला नाही तरी

शेवटी पहाटे चालून कंटाळलेल्या माणसासाठी चेन्नईची एक गोष्ट. डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना खाणं सुधारायला आणि चालायला लावलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि त्यांचं वजन? ते म्हणावं असं उतरलंच नव्हतं.

काट्यावर काही दिसत नव्हतं, तरी आत गाळ निघत होता. दोन महिन्यांनी काटा अडला म्हणून चालणं सोडणारा माणूस नेमका फायदा सुरू असताना सोडून देतो. वजनकाटा महिन्यातून एकदा बघितला तरी चालतो. टेप आणि दोरी घरातच असते. ती महिन्याला एक सेंटिमीटरनं जरी सैल होत असेल तर दारं उघडायला लागली असं समजावं आणि पेरणीच्या दिवसांतही जेवल्यानंतरची ती पंधरा मिनिटं सोडू नयेत.